जे झिजेल तेच बदला: रोजच्या वापरातल्या स्पोर्ट्स कारचा हिशेब

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला राहते. माझ्याकडे टोयोटाच्या सायन ब्रँडची २०१३ची एफआर-एस आहे, सहा गिअरची मॅन्युअल. सेकंडहँड घेतली, आता ८४,००० मैल झालेत. ऑफिसला जाऊन-येऊन रोज ६० मैल, हिवाळ्यातसुद्धा हीच. अजून आठ-दहा वर्षं ठेवायची आहे आणि हळूहळू सुधारायचीही आहे. माझी यादी अशी : आधी टर्बो किट, मग उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक, म्हणजे कॉइलओव्हर लावून गाडी खाली, मग १८ इंची रिम, मोठा एक्झॉस्ट आणि उरलेल्या पैशांत टायर. वर्षातून एकदा-दोनदा मिलव्हिलच्या ट्रॅकवर न्यायची इच्छा आहे. सध्या दोन आवाज येतात : इंजिन चालू असताना रातकिड्यासारखी किरकिर, आणि न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढला की चिर्रर्र. यजमान म्हणतात, विकून टाक आणि होंडाची सीआर-व्ही घेऊ. काय करू?

उत्तर : गाडी विकू नका आणि तुमची यादी खालून वर वाचा. टायर पहिले, टर्बो शेवटी. आमचं मत विचाराल तर टर्बो कधीच नाही.

कारण साधं आहे. रोज ६० मैल म्हणजे वर्षाला साधारण १५,०००. दहा वर्षांत ही गाडी सव्वादोन लाख मैलांच्या पुढे जाईल. तेवढ्या काळात टायरचे पाच-सहा सेट, शॉकॅब्सॉर्बर एकदा किंवा दोनदा, क्लच निदान एकदा, ब्रेक पॅड कित्येकदा असे तुम्हाला बदलावेच लागणार आहेत. मजुरी त्या वेळी द्यायचीच आहे. मग मूळ भाग झिजून उतरतो, त्याच वेळी त्याच्या जागी एक पायरी वरचा भाग बसवायचा. चांगल्या अवस्थेतला भाग काढून नवा घालणं म्हणजे दुप्पट खर्च, आणि शिवाय जुनी दुखणी नव्या भागांखाली झाकली जातात. एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्याला हात लावण्याआधी निदान महिनाभर गाडी चालवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि खडखड सुरू झाली, तर दोष कुणाचा हे कळायला तिन्ही पुन्हा उघडाव्या लागतात.

पण त्याआधी एक काम, आणि ते याच आठवड्यात. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटा आणि सुबारूने २०१३च्या एफआर-एससाठी आणि सुबारूच्या नावाने विकली जाणारी तिची जुळी गाडी बीआरझेड हिच्यासाठी व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल काढला. स्प्रिंग तुटली तर इंजिन चालता चालता बंद पडू शकतं. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतली असल्याने हे काम झालंय की नाही ते गृहीत धरू नका. एनएचटीएसए या अमेरिकी रस्ते सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक (व्हिन नंबर) टाका; काम बाकी असेल तर लगेच दिसेल. अमेरिकेत रिकॉल जाहीर होताना गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षं झालेली नसतील तर काम फुकट करून मिळण्याचा हक्क असतो. तुमची गाडी २०१२-१३मध्ये विकली गेली असणार, म्हणजे ती यात बसते.

काम झालेलं असेल तर पुढचा प्रश्न : कधी झालं, आणि त्यानंतर किती मैल चालली? हे फ्लॅट, आडवं बॉक्सर इंजिन आहे. स्प्रिंग बदलायला ते गाडीतून बाहेर काढावं लागतं आणि पुढची कव्हरं पुन्हा सीलंट लावून बसवावी लागतात. सीलंट गरजेपेक्षा जास्त लागलं तर आत वितळत नाही, त्याचे तुकडे सुटतात, ऑइल पॅनमध्ये उतरतात आणि ऑइल खेचणाऱ्या नळीच्या जाळीवर अडकतात. जाळी बुजली की ऑइलचा दाब घटतो आणि बेअरिंग जातात. रिकॉलनंतर इंजिन बसल्याच्या तक्रारी अमेरिकेत पुष्कळ झाल्या. काम होऊन तीस-चाळीस हजार मैल सुखरूप गेले असतील तर निश्चिंत राहायला हरकत नाही. नुकतंच झालं असेल, तर पुढच्या ऑइल बदलीला खालचं छोटं ऑइल पॅन उतरवून जाळी बघून घ्या. मेकॅनिकला आधी सांगून ठेवा, कारण पॅन परत बसवतानाही सीलंटच लागतं. ते पातळ आणि अखंड हवं, आणि त्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ देऊन मगच ऑइल भरायचं.

या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून या गाडीवरचा पहिला 'मॉडिफिकेशन' आम्ही सांगू तो दिसायला अगदी कंटाळवाणा आहे : ऑइलचा दाब आणि तापमान दाखवणारा गेज. सेन्सर चांगल्या कंपनीचा घ्या. स्वस्त सेन्सर खोटा दाब दाखवतात आणि उगाच झोप उडवतात.

आता तुमचे आवाज. रातकिड्यांची किरकिर ही या इंजिनाची जुनी ओळख आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेचा उच्च दाबाचा फ्युएल पंप असा आवाज करतो. त्याने नुकसान काही नाही, त्यावर पैसे घालवू नका. दुसऱ्या आवाजाची मात्र चाचणी करा. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. क्लचच्या पेडलवर पाय फक्त टेकवा, दाबू नका. एवढ्यानेच आवाज थांबला तर क्लचचं रिलीज बेअरिंग किंवा त्याचा फोर्क. पेडल पूर्ण दाबल्यावरच थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. पहिली शक्यता या गाडीत फार सर्रास दिसते, आणि नुसत्या चिरचिरीसाठी गिअरबॉक्स उतरवू नये. क्लच घसरायला लागेल तेव्हा, म्हणजे वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही अशी वेळ आली की, सगळं एकदम करा : डिस्क, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि त्याचा पिव्हट, पायलट बेअरिंग. क्रँकशाफ्टचं मागचं सील पाझरतंय का तेही तेव्हाच बघायचं. मूळ ताकदीच्या इंजिनाला मूळ क्लचच बरा. जास्त ताकदीसाठीच्या कडक 'स्टेज टू' क्लचने रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा दुखेल, मिळणार काहीच नाही. आवाज इनपुट शाफ्टचा निघाला तर मात्र क्लचची वाट बघू नका, गिअरबॉक्स दुरुस्तीचा अंदाज आधी घ्या.

ऑइलं. इंजिनमध्ये ०डब्ल्यू-२० सिंथेटिक, फिल्टरसकट ५.४ लिटर, म्हणजे ५.७ क्वार्ट. फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला आहे, त्यामुळे हे काम घरी करायला सोपं. आधी पाच क्वार्ट ओता, दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, थोडं थांबा, मग काडी बघून बाकीचं. दर ५,००० मैलांनी बदला. तुमच्या वापरात म्हणजे वर्षातून तीनदा. महिन्यातून एकदा सपाट जागी काडी तपासायची सवय ठेवा, कारण ८४,००० मैलांचं इंजिन दोन बदल्यांच्या मध्ये थोडं ऑइल पिऊ शकतं.

गिअरबॉक्सचं ऑइल साधारण २.२ लिटर लागतं आणि मागच्या डिफरन्शिअलचं सव्वा लिटरच्या आत. दोन्हीकडे एक नियम डोक्यात पक्का ठेवा : भरायचा नट आधी सैल करा, मगच रिकामं करायचा. गंजलेला वरचा नट निघालाच नाही आणि खालून ऑइल वाहून गेलं, तर गाडी जॅकवर अडकून पडते. दोन डब्यांची अदलाबदलही करू नका. डिफरन्शिअलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, आतला टॉर्सन (दोन मागच्या चाकांत जोर वाटणारा भाग) गिअरवर चालतो. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं वेगळं ऑइल, कारण जीएल-५मधली रसायनं गिअर जुळवून घेणाऱ्या काही सिंक्रो रिंगांच्या पितळेला बाधतात. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडखळतो का? बहुतेक अशा गाड्यांचा अडखळतो. ताजं ऑइल घातल्यावर बरंच सुधारतं, आणि पहिले दोन-तीन मैल सावकाश गिअर टाकले तर उरलेलंही.

स्पार्क प्लग ६०,००० मैलांना बदलायचे असतात. आधीच्या मालकाकडे पावती नसेल तर झालेले नाहीत असंच धरा. आडवं इंजिन असल्यामुळे प्लग दोन्ही बाजूंना चॅसिसच्या कुशीत आहेत. हात जात नाही, एक्स्टेन्शन जोडत आणि काढत काम करावं लागतं. इंजिन थंड असतानाच करा. घाईत वाकडा घातलेला प्लग अ‍ॅल्युमिनिअमचे आटे खातो आणि मग खरं बिल येतं. याउलट व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करून घ्या म्हणून कुणी मागे लागलं तर नको म्हणा. या इंजिनात थेट इंजेक्टरबरोबर इनटेक पोर्टमध्येही इंजेक्टर आहेत, पेट्रोल व्हॉल्व्हवरून धुऊन जातं.

इथवर सगळं झालं की टायर.

कारखान्यातून ही गाडी २१५/४५ आर१७ मापाच्या मिशलिन प्रायमसी एचपीवर आली. पकड कमी ठेवून गाडी हसत-खेळत वळावी म्हणून मुद्दाम निवडलेले टायर. तुमच्या गाडीवर आज कोणते आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण शेवटी 'उरलेल्या पैशांत' घ्यायचे म्हणालात त्यावरून फार अपेक्षा नाही. या गाडीत एका खर्चात सर्वांत मोठा फरक पाडणारी वस्तू टायरच आहे. ब्रेक, वळण आणि पावसातली पकड, तिन्ही त्यातूनच येतं.

न्यू जर्सीत वर्षभर एकच सेट हा तडजोडीचा मार्ग आहे. तापमान ४५ फॅरनहाइट, म्हणजे ७ सेल्सियसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, आणि कडाक्याच्या थंडीत ते तडकूही शकतं. मागच्या चाकांना ताकद देणारी हलकी गाडी त्या टायरवर बर्फात नेऊ नये, मग चालवणारी कितीही तरबेज असो. आमचा सल्ला : तुमच्याकडे जे मूळ १७ बाय ७ इंची रिम आहेत, ते हिवाळ्याला द्या. त्यावर २१५/४५ आर१७ चे खरे हिवाळी टायर, चारही चाकांना. फक्त मागे लावून चालत नाही, पुढची चाकं वळणारच नाहीत. उन्हाळ्यासाठी १७ बाय ८ इंची हलके रिम घ्या, ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर) ४० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यावर २२५/४५ आर१७ चे उन्हाळी टायर. व्यास दीड टक्क्याच्या आतच वाढतो, स्पीडोमीटर फारसा हलत नाही. दोन सेट आलटून पालटून चालतात, म्हणून दोन्ही जास्त टिकतात. रिमांचा खर्च तेवढा नवा.

१८ इंच का नको? २१५/४५ आर१७ च्या टायरची भिंत ९७ मिलिमीटर आहे. १८ इंचावर २१५/४० घेतला तर ८६. टर्नपाइकवर मार्च महिन्यात जे खड्डे पडतात, त्यात हे ११ मिलिमीटर म्हणजे फुगलेला टायर आणि वाकडा रिम यांच्यातलं अंतर. मोठा रिम सहसा जडही असतो, आणि या गाडीचं सगळं सुख तिच्या हलकेपणात आहे.

रिम घेताना तीन मापं लिहून न्या : १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नट, मधल्या भोकाचा व्यास ५६.१ मिलिमीटर, नटाचे आटे एम१२ बाय १.२५. शेवटचं विशेष जपा. बोनेटवर बिल्ला टोयोटा घराण्याचा असला तरी गाडी सुबारूच्या गुन्मा प्रांतातल्या ओटा कारखान्यात बनली आहे आणि चाकांची मापं सुबारूची आहेत. कॅमरीचे नट १.५ आट्यांचे असतात. ते एक-दोन फेरे जातात, मग अडतात, आणि एअर गनवाल्याने जोर लावला की स्टड गेला. रिमचं मधलं भोक मोठं असेल तर ५६.१ची रिंग घाला, नाहीतर ६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि दोष बॅलन्सिंगवर जातो. नट ८९ फूट-पाउंड, म्हणजे १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा, पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासा. दुसऱ्या सेटसाठी हवेच्या दाबाचे सेन्सर पहिल्यांचे नंबर 'क्लोन' करून घ्या. नाहीतर दर हंगामात दुकानात जाऊन नंबर नोंदवावे लागतील किंवा डॅशबोर्डवर पिवळा दिवा घेऊन फिरावं लागेल.

टायरनंतर सस्पेन्शन, आणि इथे तुमची वेळ खरंच आली आहे. ८४,००० मैलांचे मूळ शॉकॅब्सॉर्बर गळत नसले तरी थकलेले असतात. खड्ड्यानंतर गाडी एकाऐवजी दीड-दोन वेळा हलते, महामार्गाच्या सांध्यांवर मागची बाजू किंचित बाजूला सरकते, टायरवर हात फिरवला तर कपासारखे उंचसखल डाग लागतात. यांतलं काही दिसत असेल तर बदला. पण रोज वापरायच्या गाडीला कॉइलओव्हर नको. ते वाईट असतात म्हणून नव्हे. रस्त्यावर मीठ पडणाऱ्या राज्यात उंची बदलायचे आटे दोन हिवाळ्यांत जाम होतात, आणि मग ज्या सोयीसाठी पैसे दिले तीच उरत नाही. स्वस्त कॉइलओव्हर तर कडक स्प्रिंग आणि फिकं डँपिंग (झटके शमवणं) असं जोडकाम असतं.

त्याऐवजी मूळ स्प्रिंग ठेवून मूळ उंचीचे चांगले डँपर, म्हणजे शॉकॅब्सॉर्बर, बिल्स्टीन बी-६ किंवा कोनीच्या पिवळ्या मालिकेच्या तोडीचे. थोडी खाली हवीच असेल तर पाऊण इंचाच्या आत, आणि मग कमी लांबीचे डँपर, बी-८च्या जातीचे. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग जुन्या शॉकवर चढवू नका : या गाडीत पुढे दाबायला जागा मुळातच कमी आहे, खाली केलेली गाडी रबरी बंपस्टॉपवर टेकते, आणि ती 'कडक' वाटते ते त्यामुळे. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात अशी रचना आहे. एका मर्यादेपलीकडे खाली नेली की खालचा आर्म उलट्या कोनात जातो, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) घसरतं आणि गाडी वळणात कमी नव्हे, जास्त कलायला बघते. मागच्या चाकांचा कँबर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) कारखान्याच्या आर्मने बदलता येत नाही, फक्त टो (वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बदलते. म्हणून फार खाली गेलात तर मागच्या टायरची आतली कड खाल्ली जाईल किंवा नवे आर्म घ्यावे लागतील. एका इंचाच्या हौसेमागे असा खर्च लांबत जातो.

डँपर बदलताना वरचे माउंट, बंपस्टॉप, धूळ रोखणारे बूट आणि अँटीरोल बारचे लिंकही बदला. ते स्वस्त आहेत आणि आत्ता हाताशी आहेत. स्प्रिंग कंप्रेसर घरी वापरू नका. स्ट्रट उतरवून दुकानात नेलेत तरी चालेल. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाकांवर वजन आल्यावरच आवळायचे. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. घाईच्या गॅरेजात सर्वांत जास्त चुकतं ते नेमकं इथे, तेव्हा विचारून खात्री करा.

मग अलाइनमेंट, आणि पुढच्या स्ट्रटला कँबर बोल्ट. कारखान्यातून पुढचा कँबर जवळपास शून्य असतो, त्यामुळे वळणात बाहेरचा टायर कडेवर लोळतो. बोल्टने एक-दीड अंश मिळतो. पुढे उणे १.२ ते उणे १.५, टो शून्य. मागे जो कँबर मूळचा आहे तो राहू द्या, टो किंचित आत. यापेक्षा जास्त कँबर ट्रॅकवाल्यांचा. तुमचे ६० मैल बहुतेक सरळ आहेत. बोल्टांना अँटी-सीझ लावायला सांगा, मागच्या टोच्या बोल्टांना तर नक्की. मिठाने ते बुशच्या नळीत चिकटले की पुढच्या अलाइनमेंटला गॅस कटर लागतो.

मिठाचा विषय निघालाच आहे. तुमच्या गाडीचं आयुष्य इंजिन ठरवेल त्याच्याइतकंच तिचं पोटही ठरवेल. दर ऑक्टोबरमध्ये खालून लॅनोलिनसारखं तेलकट कोटिंग मारून घ्या. जाड काळा डांबरी थर नको, त्याला चीर पडली की पाणी आत कोंडतं आणि गंज दिसतही नाही. मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, सबफ्रेम आणि ब्रेकचे धातूचे पाइप नीट बघा. हिवाळ्यात तापमान शून्य सेल्सियसच्या वर गेलं की खालून धुवायचं. याच वर्षांतल्या गाड्यांत मागच्या दिव्यांत पाणी साठतं. डिकीचं कार्पेट उचलून स्पेअर व्हीलची खोबणी ओली आहे का हात घालून पाहा.

ब्रेक. रोजच्या वापराला मूळ कॅलिपर पुरेसे आहेत, मोठी किट घेऊ नका. वर्षातून एकदा कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावा. मिठामुळे त्या अडकतात आणि एकाच बाजूचं पॅड संपतं. न्यू जर्सीने २०१०पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली, दर दोन वर्षांनी होते ती फक्त उत्सर्जनाची. काचेवर स्टिकर आहे म्हणून ब्रेक ठीक आहेत असं समजू नका. ते कुणी पाहिलेलेच नाहीत.

मिलव्हिलला जायचं असेल तर आधी ब्रेक फ्लुइड चांगल्या डॉट-४ने बदला. जुन्या फ्लुइडने पाणी शोषलेलं असतं, ते उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. या गाडीत क्लचही त्याच टाकीतून फ्लुइड घेतो, तोही ब्लीड करा, म्हणजे आतलं जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाका. ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवा. रोजच्या प्रवासात ते थंड असताना कमी पकडतात आणि किंचाळतात. ऑइलचं तापमान या इंजिनात लवकर चढतं. गेज लावलाच आहे, तर २५० फॅरनहाइटच्या वर गेलं की एक फेरी सावकाश मारायची. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्याला ऑइल कूलर लागत नाही. पुढे जास्त जायला लागलात तर थर्मोस्टॅटवालाच घ्या, नाहीतर जानेवारीत ऑइल गरमच होणार नाही.

एक्झॉस्ट तेव्हाच बदला जेव्हा मूळचा गंजेल. गाडीचा सहावा गिअर ०.७६७ आणि फायनल ४.१० आहे. त्या हिशेबाने ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे मारतं, आणि मोठ्या नळीचे बरेच एक्झॉस्ट नेमके त्याच टापूत घुमतात. रोजच्या प्रवासात ते डोक्यात बसतं. विकत घेण्याआधी ज्याच्याकडे तो आहे अशा कुणाच्या तरी गाडीतून महामार्गावर एक चक्कर मारा. इंटरनेटवरच्या व्हिडिओत घुमणं ऐकू येत नाही.

३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान या इंजिनाचा जोर खचतो. तुम्हाला टर्बो हवासा वाटतो तो बहुधा या खड्ड्यामुळेच. तो बुजवायचा रूढ मार्ग म्हणजे वेगळा हेडर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) आणि त्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं ट्यूनिंग. अडचण अशी की पहिलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच आहे. ते नसलेला हेडर रस्त्यावर लावणं संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे आणि इंजिनचा दिवा लागला की न्यू जर्सीची तपासणी नापास. कॅट असलेला, कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा (कार्ब) मंजुरी क्रमांक, म्हणजे ईओ नंबर असलेला भागच घ्या. नंबर विचारल्यावर विक्रेता विषय बदलू लागला तर काय समजायचं ते समजा. ट्यूनिंग केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर लगेच तपासणीला जाऊ नका. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुसल्या जातात, आणि २००१नंतरच्या गाडीत एकापेक्षा जास्त अपुरी चालत नाही. आठवडाभराच्या प्रवासात त्या भरून येतात.

टर्बो का नको ते आता थोडक्यात. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला १, म्हणजे आधीच जास्त आहे. वरून दाबाची हवा घातली की इंधन किंवा ट्यूनिंगमधल्या छोट्या चुकीलाही माफी उरत नाही, आणि कनेक्टिंग रॉड हा या इंजिनाचा दुबळा दुवा आहे. किटच्या पाठोपाठ क्लच, इंजेक्टर, फ्युएल पंप, ऑइल कूलर येतात. ८४,००० मैल झालेल्या, रोज सकाळी सव्वाआठला सुरू व्हायलाच हवी अशा गाडीत हे करू नये. जोर खरंच कमी पडत असेल तर एफआर-एसची पुढची पिढी असलेली २०२२पासूनची टोयोटा जीआर८६ एकदा चालवून बघा : २.४ लिटर, २२८ हॉर्सपॉवर, आणि मुख्य म्हणजे १८४ फूट-पाउंडचा पूर्ण टॉर्क ३,७०० फेऱ्यांनाच. तुमच्या गाडीत १५१ आणि तोही ६,४००च्या वर. टर्बोचा सगळा खर्च आणि एफआर-एसची विक्री किंमत एकत्र केली तर त्या गाडीचं निम्मं काम होऊन जातं.

बदल कोणताही असो, विमा कंपनीला लेखी कळवा, निदान रिम आणि सस्पेन्शन तरी. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, नाव आणि मैल लिहून गॅरेजच्या माळ्यावर ठेवा; उद्या विकायची वेळ आली तर मूळ रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. आणि यजमानांना सांगा, सीआर-व्ही हवी असेल तर घ्या, पण त्यांच्यासाठी. बर्फाचं वादळ असेल त्या दोन-चार दिवशी तुम्हीही तीच न्या, कारण एफआर-एसच्या पुढच्या बंपरखाली नांगर नाही आणि सहा इंची बर्फात हिवाळी टायरसुद्धा गाडीचं पोट उचलून देत नाहीत.